डोहाच्या तळातल्या शिंपल्या

साळूबाईच्या तांब्याला तळाशी भोक बुजवलेला जस्ताचा एक टाका होता. तांब्या भरला की ती आधी आत वाकून बघायची. टाका दिसला तरच पाणी प्यायची. कडूबा, तिचा नवरा, वैतागायचा.

"पाणी प्याचं का त्याची परीक्षा घ्याची? जल्दी पी अन् दे इकडं."

तिला हसू येत नसे. तिची थोरली लेक दीड वर्षाची असताना उन्हाळ्यात हगवण लागून गेली होती. एका सकाळी अंगणात खेळत होती, दुसऱ्या सकाळी नव्हती. तेव्हापासून पाणी म्हणजे साळूबाईला रोज घरात शिरणारा परका माणूस वाटायचा. त्याच्यावाचून चालत नव्हतं, आणि त्याच्या मनात काय आहे ते कळत नव्हतं.

तिचं गाव पिंपळगाव रेणुकाईच्या पलीकडे, नदीकाठी. विहिरी आटल्या की सगळं गाव नदीतल्या एका डोहावर जगायचं. डोहाच्या तळाशी, रेतीगाळात, तळहाताएवढ्या काळपट शिंपल्या एकमेकींना खेटून रुतलेल्या असत. गावात मूल जन्मलं की त्याला दूध पाजायला चमच्यासारखी त्यांतली एक लागायची. ती काढून आणायचं काम साळूबाईच्या सासूकडून तिच्याकडं आलं होतं. कमरेइतक्या पाण्यात उतरून ती पायाच्या बोटांनी चाचपायची. आपल्या पायाखाली काहीतरी जिवंत आहे आणि ते हळूच मिटतं आहे, यानं तिच्या अंगावर दर वेळी काटा यायचा.

सत्याऐंशीच्या उन्हाळ्यात सून सत्यशीला बाळंत झाली. मुलगी झाली. साळूबाईनं शिंपली आणली आणि घाईत अंगणातल्या गढूळ पाण्याच्या घमेल्यात टाकून ठेवली. संध्याकाळी बघते तर घमेल्याचा तळ लख्ख दिसत होता, आणि शिंपलीच्या कडेला मातकट, शेंबडासारखा चिकट गाळ साचला होता.

ती मागं सरली. ही हिच्या पोटातली घाण. डोहात अशा किती असतील? हेच आपण पितो. हेच थोरलीनं प्यालं.

पाणी नितळ झालं होतं, तिकडं तिचं ध्यान गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी डोहावर ती बायांना म्हणाली, "शिंपल्या घाण टाकून राह्यल्या पाण्यात. माही लेक त्याच्यानंच गेली."

लेकुरवाळ्या बायांनी भरलेल्या घागरी पालथ्या केल्या. शेजारची बेबीनंदा कडेवरचं पोर सावरत म्हणाली, "मंग काढून टाकू ना. बारशाला भिंतीला चुना बी होईल तुमच्या."

भीती अशी एकीकडून दुसरीकडं गेली. बाया रांगेनं पाण्यात उतरल्या, घमेल्यांनी तळ खरवडला, काठावर शिंपल्यांचा ढीग लागला. गोवऱ्यांच्या भट्टीत त्या भाजल्या, त्यांचा चुना झाला. साळूबाईचं घर पांढरंशुभ्र झालं. बारशाला नातीचं नाव शिवकन्या ठेवलं.

मग डोह बिघडू लागला. ढवळलेला गाळ खाली बसेना. पाणी हिरवं झालं, दाट झालं, काठाला शेवाळाची साय धरली. पाण्याखालचं गवत उजेडावाचून कुजलं. मासोळ्या वर येऊन तोंडं उघडू लागल्या. बगळे यायचे थांबले. साळूबाई फडक्याच्या दोन घड्यांतून पाणी गाळायची, तरी टाका दिसायचा नाही.

आणि शिवकन्येला हगवण लागली.

पोरीचे डोळे खोल गेले, टाळू बसली. भोकरदनच्या एस.टी.त साळूबाई तिला मांडीवर घेऊन बसली होती आणि पदराखाली बोट घालून पुन्हा पुन्हा तिचा श्वास बघत होती. कुणी काही विचारलं तर तिला ऐकू येत नव्हतं. समोर थोरली दिसत होती.

दवाखान्यात सलाईन लागलं. पोर वाचली. तिथल्या नर्स केशरबाईंनी पाण्याची चौकशी केली, तेव्हा साळूबाईनं सगळं सांगितलं. घमेल्याचंसुद्धा.

केशरबाई म्हणाल्या, "साळूबाई, तो गाळ शिंपलीनं केलेला न्हाई. पाण्यातलाच तो. ती पाणी आत ओढते, त्यातलं शेवाळ-माती धरून ठेवते, नको ते गोळा करून तळाला टाकते आन् साफ पाणी सोडते. दिवसभर हेच करते ती. तुम्ही गाळणीच काढून फेकली."

"म्हंजे पोरीला मीच..."

"तसं न्हाई. रोग डोळ्याला दिसत न्हाई. नितळ पाण्यात बी राहतो. शिंपल्या होत्या तवा बी उकळूनच द्यायला पाहिजे होतं."

हे ऐकून साळूबाईला धीर आला नाही, उलट होता तोही गेला. इतकी वर्षं ती टाका बघत होती. टाका दिसेल अशाच पाण्यानं थोरली गेली होती.

पोर बरी झाल्यावर ती कडूबाला बैलगाडी जुंपायला लावून नदीच्या खालच्या अंगाच्या दुसऱ्या डोहावर गेली.

"गावाला काय सांगू? बायको शिंपल्यांची वरात काढून राह्यली?" कडूबा म्हणाला. पण ओल्या पोत्यांत शिंपल्या भरायला त्यानंच हात लावला. त्या तिनं आपल्या डोहात एकेक करून रोवल्या. काही मेल्या. उरलेल्यांनी, पुढच्या काही वर्षांत, मासोळ्यांच्या कल्ल्यांना चिकटून वाढलेल्या पिल्लांसकट, तळ पुन्हा धरला. पाण्याखाली गवत उगवलं. बगळे आले.

शिवकन्या शाळेत जायला लागल्यावर एकदा आजीबरोबर डोहावर आली. साळूबाई पाण्यात उभी होती. पोरीनं तांब्या बुडवला, आत वाकून बघितलं आणि म्हणाली, "आजे, टाका दिसून राह्यला. पिऊ?"

साळूबाईनं तिच्या हातातून तांब्या काढून घेतला. पाणी आरशासारखं होतं.

"घरी चल. चुलीवर ठेवू आधी."

तिच्या पायाखाली एक शिंपली हळूच मिटली. साळूबाईनं पाय उचलला, दुसरीकडं ठेवला. तिथंही एक होती.