रविवारचा सीझन

मी मुलाकडे अमेरिकेत आले आहे. रविवारी दुपारी निखिल सोफ्याच्या कडेला सरकून बसतो आणि टीव्हीवर हेल्मेट घातलेले धिप्पाड लोक एकमेकांवर धडकत राहतात. यांच्या फुटबॉलमध्ये चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो.

"सोपं आहे गं आई," तो रंगात येऊन सांगू लागला. "सप्टेंबरात सीझन सुरू होतो. प्रत्येक टीमची आठवड्यातून एकच मॅच, बहुतेक रविवारी. जानेवारीत बाद फेरी, तिथे एकदा हरलं की संपलं. फेब्रुवारीत फायनल."

"आणि मग?"

"मग सप्टेंबरपर्यंत काही नाही. रविवार अगदी रिकामे जातात."

मी पडद्याकडे बघत राहिले. दर रविवारी येणारा त्याचा फोन गणपती उठले की बंद पडायचा आणि फेब्रुवारी सरता सरता पुन्हा सुरू व्हायचा. त्या दिवसांत ऑफिसात फार काम असतं, असं तो म्हणायचा, आणि आम्ही ते शेजारीपाजारी कौतुकाने सांगायचो. त्याचे बाबा डिसेंबरात गेले. शेवटच्या रविवारी हॉस्पिटलात ते मोबाइल उशाशी घेऊन पडले होते. "मीच लावू का त्याला?" मी विचारलं. "नको, कामात असेल," ते म्हणाले.

मैदानावर कुणीतरी चेंडू घेऊन रेषेपार धावला. निखिल आनंदाने ओरडला आणि माझ्याकडे वळला.

"कळलं ना सगळं?"

"कळलं," मी म्हटलं.

"बघ, किती पटकन शिकलीस!" माझी पाठ थोपटून तो पुन्हा सामन्यात बुडाला.