खुर्चीतला नवरा

सिनेमाच्या सेटवर त्याला सगळे खांब म्हणत. लाइट धरून उभा राहिला की गडी जागचा हलायचा नाही. बायको बॅग उचलून बहिणीकडे निघाली, तेव्हाही तो दारात असाच उभा होता. डोक्यात गोंधळ माजला तो तेव्हापासून. दारू नाही, शिवी नाही, हात कधी उचलला नाही. मग बाईला खुपलं तरी काय? तिलाच विचारायचं की सरळ! पण विचारायची सवयच नव्हती स्वारीला.

अशात एक भुताचा सिनेमा मिळाला. नवी नवरी, खुर्चीत बसलेला नवरा, आणि तो जिवंत आहे की मेलेला हेच तिला कळत नाही. बजेट इतकं तुटपुंजं, की भर दुपारी खिडक्यांना काळी कापडं लावून रात्र करायची. नवरा होणारा नट ऐनवेळी फिरकलाच नाही. दिग्दर्शकाने खांबालाच खुर्चीत बसवलं.

"पण मी करू काय?"

"काही नका करू. घरी बसता तसे बसा."

खांब बसला. नटीने चहा पुढे ठेवला. "अहो, आज उशीर झाला?" तो भिंतीकडे बघत राहिला. तिने पुन्हा विचारलं. कॅमेरामनच्या अंगावर काटा आला. शॉट संपल्यावर टाळ्या पडल्या, आणि या बाबाला कळेना, आपण केलं तरी काय!

सिनेमा लागला. आपलं कौतुक बघून बायको घरी परतेल, या भाबड्या आशेने त्याने तिला बोलावलं. ती आली. पडद्यावर तो दिसला की लोक किंचाळत होते. बायको मात्र ढिम्म.

दिवे लागल्यावर त्याने हळूच म्हटलं, "घाबरली नाहीस?"

"लोक आज घाबरले. मी त्याच घरात राहत होते."

सगळं उमगलं असं नाही, पण ती पिशवी घेऊन उठली आणि त्याचा जीव कासावीस झाला. काहीतरी बोलायला हवं होतं.

"तुझ्या... तुझ्या ताईचा गुडघा कसा आहे?"

बायको बघतच राहिली. मग पुन्हा खुर्चीत टेकली, पिशवी मांडीवर घेतली.

"दुखतो," ती म्हणाली. "पुढे विचारा."