आजोबांचा उपास

समजा, तुमच्या हातात बांबूचा लांब चिमटा आहे. टोकाला शेपटीने धरलेला मेलेला उंदीर. चुलीच्या कडेला पानात गुंडाळून तो तुम्ही कोमट केला आहे, कारण गार उंदराकडे समोरचा ढुंकूनही बघत नाही. आता आडव्या मडक्याच्या तोंडाशी गुडघे टेकायचे, उंदीर जिवंत असल्यासारखा हळूच हलवायचा आणि आदराने म्हणायचं, "आजोबा, जेवून घ्या."

आमच्या विदा गावाच्या बाजूला, पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनच्या किनाऱ्यावर, अजगराला आजोबाच म्हणतात. हा फार मोठा होत नाही. मनगटाएवढा जाड, भ्यायला की चेंडूसारखा गोळा. संध्याकाळी मडक्यातून निघून फिरायला जातो. वाट चुकला तर सकाळी कुणीतरी दोन्ही हातांवर घेऊन घरी आणून सोडतं. मेला तर माणसासारखा पांढऱ्या कापडात पुरतात.

हुएफाच्या घरचे आजोबा हरमाटानचा धुळकट वारा सुटल्यापासून जेवले नव्हते.

हे घर आधी तिच्या आत्याने सांभाळलं. आत्या जिवंत उंदीर मडक्यात सोडून झाकण लावायची. एकदा तेव्हाच्या आजोबांनी उंदीर धरलाच नाही. उंदरानेच त्यांची पाठ हाडापर्यंत कुरतडली. आजोबा जागचे हलले नाहीत. जखम चिघळली आणि ते गेले. हुएफा तेव्हा लहान होती, पण ती पाठ तिने पाहिली होती. घर हाती आल्यावर तिने एकच गोष्ट बदलली. उंदीर आधी मारायचा, मग वाढायचा. दोन वर्षं आजोबा मुकाट्याने जेवले. पण बदल तिने केला होता, म्हणून आताचा उपास तिच्या अंगावर आला.

"शिळंपाकं वाढलं की म्हातारी माणसं रुसतातच," कुळातले वडीलधारे दाह अग्बानू म्हणाले. "तुला कुणी मेलेली कोंबडी आणून दिली तर खाशील?"

"दाह, कापल्याशिवाय कोंबडी मीसुद्धा खात नाही."

"जीभ आत्याची घेतलीस, हात घ्यायला हवा होता." ते हसले नाहीत. "बाजाराच्या दिवशी मी जिवंत उंदीर घेऊन येतो. तो आत सोडायचा. नाही जमत म्हणालीस तर आजोबांना माझ्या घरी नेतो."

हुएफाची भावजय सेनामी रात्री मक्याचं पीठ ढवळता ढवळता म्हणाली, "वन्सं, सोडा की एक उंदीर. म्हाताऱ्याचंही समाधान, आजोबांचंही."

"आणि पाठ कुरतडली तर?"

सेनामीने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. आजोबा गेले असते तर सगळ्या गल्लीने हुएफाकडेच बोट दाखवलं असतं, हे दोघींनाही ठाऊक होतं.

बाजाराच्या दिवशी दाह खरोखर आले. हातातल्या झाकणाच्या टोपलीत खुडबुड चालली होती. हुएफाने गुडघे टेकले, नमस्कार केला आणि म्हणाली, "आधी मला एकदा बघू द्या, अंगावर जुनी जखम वगैरे नाही ना." खरं तर ती वेळ काढत होती. आजोबा मडक्याच्या तळाशी घट्ट वेटोळं करून बसले होते. तिने हात घालताच फुस्स केलं. हे त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं. तिने वरचं एक वेटोळं हलकेच उचललं.

खाली काहीतरी पांढरं होतं. सोललेल्या लसणासारखं, एकमेकांना चिकटलेलं.

"दाह," ती म्हणाली, "अंडी आहेत."

"कुणाची?"

उत्तर मागून सेनामीने दिलं. "अहो, आजोबांना दिवस गेले होते."

दाह वाकले, मडक्यात डोकावले. मग टोपलीचं झाकण हाताने घट्ट दाबून धरलं, जणू आतला उंदीर आपणहून उडी मारणार होता. "अंड्यावर बसलेली माझी कोंबडीसुद्धा दाण्याकडे बघत नाही," ते पुटपुटले. "आम्ही पिढ्यान्‌पिढ्या आजोबा, आजोबा करत राहिलो. कुणाच्या डोक्यात येणार?" आणि टोपली उचलून ते निघाले. दारातून मागे वळून म्हणाले, "पोरी, झाकण नीट लाव. ऊन लागेल त्यांना."

हुएफा तिथेच जमिनीवर बसली आणि इतक्या दिवसांनी पोटभर जेवली. सेनामीने तिसऱ्यांदा वाढलं तरी नको म्हणाली नाही.

आंबे पिकायच्या सुमाराला पिल्लं बाहेर पडली आणि कुंपणातून पांगली. त्या आठवड्यात हुएफाने कोमट उंदीर चिमट्याने पुढे केला. मडक्यातून डोकं आलं आणि चिमटा हातातून हिसकला गेला. मेलेला उंदीर आजोबांनी वेटोळ्यात आवळला, डोकं शोधलं आणि सावकाश गिळला. हाक अजून 'आजोबा'चीच आहे. दाह म्हणतात, हाक घराची असते, देहाची नसते. हुएफाला ते पटलंय.

एकच गोष्ट तिला राहून राहून आठवते. परवा तिने आत्याच्या थोरल्या बहिणीलाही विचारलं, पण म्हातारीला काही सांगता आलं नाही. उंदीर पाठ कुरतडत होता तरी तेव्हाचे आजोबा जागचे का हलले नाहीत? त्यांना पांढऱ्या कापडात गुंडाळताना मडक्याच्या तळाशी कुणी बघितलं होतं का?