आमच्या स्वयंपाकघरातली एक मिनिट शांतता

कॉलेजच्या लघुपटाच्या टीममध्ये ध्वनीचं काम मला का दिलं, ते सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं. "ही बोलत नाही, म्हणजे ऐकत असेल." मला ते कौतुक वाटलं. अजूनही थोडं वाटतं.

शूटिंग गावी, हिंगणीला, आमच्याच स्वयंपाकघरात झालं. आई-मुलीच्या भांडणाचा प्रसंग होता. संवाद नीट आले. पण जिथे शूटिंग होतं, त्या खोलीची एक मिनिट नुसती शांतताही रेकॉर्ड करून आणायची असते. संकलनात दोन वाक्यांमधल्या फटी तिनेच भरतात, नाहीतर मध्येच कोणी कान दाबल्यासारखं होतं. मला हे माहीत होतं. फक्त घरच्यांना "गप्प बसा" म्हणायची लाज वाटली.

सर म्हणाले, "सोमवारी ती शांतता आण. नाहीतर श्रेयनामावलीत ध्वनीपुढे तुझं नाव राहणार नाही." आमच्या घरात कोणाचं नाव लग्नपत्रिकेखेरीज कुठे आलेलं नाही. रविवारी सकाळी मी रेकॉर्डर घेऊन घरी गेले.

"शांतता भरून न्याची हाय?" बाबांनी विचारलं. "वर्ध्याले नाई भेटत का?"

"याच खोलीची लागते, बाबा."

"काऊन? आपली का वेगळी राह्यते?"

मी फ्रीज बंद केला, रेकॉर्डर उलट्या डब्यावर ठेवला आणि बोट वर केलं. बाराव्या सेकंदाला आई म्हणाली, "झालं का?" दुसऱ्या वेळी आई गप्प होती, पण बाबांनी तिला "आता बोलू नको" असं बजावलं. तिसऱ्या वेळी आईने त्यावर उत्तर दिलं, "मी कुठं बोलून राह्यली?"

चौथ्या वेळी वीस सेकंद झाले आणि शेजारच्या काकू वाटी घेऊन विरजण मागायला आल्या. आत आम्ही तिघं मान खाली घालून बसलेलो, मधोमध एक काळी वस्तू. काकूंनी वाटी आवाज न करता खाली ठेवली, डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडून उभ्या राहिल्या. आमच्याकडे माणसं एकत्र गप्प होतात ती स्मशानघाटावरच्या शोकसभेत, दोन मिनिटं, उभ्याने. काकूंना पाहून बाबा उठले. त्यांनी डोक्याचा दुपट्टा काढला. मग आई उठली.

मला सारं कळत होतं. "काकू, कोणी गेलं नाही," एवढंच म्हणायचं होतं. मी आकडा पाहिला. चाळीस. मीही उभी राहिले आणि मान खाली घातली.

साठ झाल्यावर बटण दाबलं.

"कोन गेलं, भाऊजी?" काकूंनी डोळे पुसत विचारलं.

"मी तुमालेच विचारनार होतो," बाबा म्हणाले. "तुमी उभ्या झाल्या, मले वाटलं तुमच्या माहेरचं कोनी."

"माह्या माहेरचे सारे मस्त हायेत."

मग तिघंही माझ्याकडे वळले. सर, सोमवार, फटी, नाव, मी सगळं एका दमात सांगितलं. घरात इतकं सलग मी कधी बोलले नव्हते.

"म्हंजे तुले माहीत होतं कोनी मेलं नाई म्हून," आई म्हणाली.

"वीसच सेकंद राहिले होते."

"अन् मी इथं माह्या मावशीले याद करून रडून राह्यलती," काकू म्हणाल्या. "थे त जित्ती हाय." तरी त्यांनी तिथूनच मावशीला फोन लावून खात्री करून घेतली. मी दोनदा माफी मागितली.

सोमवारी सरांनी हेडफोन लावून डोळे मिटले आणि पूर्ण मिनिट ऐकलं. "मध्ये खुडबुड आहे, ती कापू. पण इतकी दाट शांतता अजून कोणी आणली नव्हती. घरच्यांना गप्प कसं बसवलंस?"

"घरचे चांगले आहेत, सर," मी म्हटलं.

त्यांनी यादीत माझं नाव राहू दिलं आणि आभारात कोणाला घालायचं का, असं विचारलं. मी काकूंचं नाव सांगितलं. त्यांच्या मावशीचं सांगायचा धीर झाला नाही.