तीन हातांचं मीठ

आमच्या शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद रानडुकरांनी फाडला, तो नेमका गावात भागवत सप्ताह बसला त्या दिवशी. डुकरांनी गावाचा कार्यक्रम विचारून यावं अशी माझी अपेक्षा नाही. पण तेव्हा मला त्यांचा जो राग आला होता, तो अजून पुरता गेलेला नाही.

मी वर्ध्याला नोकरी करते. मे महिन्यात रजा टाकून सेलूकडच्या आमच्या गावी आई-बाबांकडे जाते. त्या वर्षी बाबांचे फोन होळीपासूनच सुरू झाले होते. "लवकर येजो वं माय. औंदा घरचे मासे खाऊ घालतो तुले."

तळं खरं तर शेताच्या पाण्यासाठी खोदलेलं. त्यात बाबांनी रोहू-कतल्याचं बीज सोडलं तेव्हा सगळा गाव हसला. सर्वांत जास्त हसले मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. पारावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमच्या भावानं बगळ्याइसाठी खानावळ उघडली." बाबा मुळात बोलण्यात कच्चे, पण हे त्यांना झोंबलं. चारचौघांत म्हणून बसले, "पुढच्या उन्हाळ्यात साऱ्या गावाले मासे खाऊ घालतो. तवा बोलजा."

तेव्हापासून तो माणूस त्या तळ्याचाच होऊन गेला. सकाळी चहाच्या आधी सरकीची ढेप भिजवून पाण्यात टाकायची आणि काठावर उकिडवं बसून वर येणारी तोंडं पाहायची. आमच्या लहानपणी आमच्याकडेही त्यांनी इतकं लक्ष दिलं नव्हतं, असं माझा भाऊ म्हणतो. मला ते खरं वाटतं.

आईचा या सगळ्याशी संबंध नव्हता. माझ्या लग्नानंतर तिनं तुळशीची माळ घातली, आणि तिच्या स्वयंपाकघरात अंडंसुद्धा उंबरा ओलांडत नाही. कुणाला काही वेगळं खायचं असेल तर गोठ्यामागची चूल, तिथली काळी भांडी आणि स्वतःचे हात. बाबांनी बीज आणलं तेव्हाच तिनं बजावलं होतं, "तळ्यात काईबी करा. माह्या घरात आणू नका."

तर कागद फाटला. डुकरं रात्री पाणी प्यायला उतरली असावीत, घसरली, आणि खुरांनी लांबच लांब चिरा पाडून गेली. सकाळी आम्ही पोचलो तेव्हा पाणी गुडघ्याएवढं उरलेलं आणि त्यात मासे एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होते. एकेक रोहू हातभर लांब! मी तर बघतच राहिले. बाबांनी डोक्यावरचा दुपट्टा काढून तोंड पुसलं आणि तसेच बसून राहिले.

मासे आजच्या आज काढणं भाग होतं, आणि सप्ताहात गावात मांस-मच्छी शिजत नाही. एकाही घरी नाही. भाऊ म्हणाला, "सेलूच्या बजारात नेऊन देतो." बाबा त्याच्यावर खेकसले, "इकाले टाकले होते का? गावाले जबान देली मी."

आम्ही घरी येऊन आईला सांगितलं. ती गच्चीवर कुरडया घालत होती. हातातला सोऱ्या खाली न ठेवता म्हणाली, "कुरडया वाळतेत, सांडगे वाळतेत, मंग मासे काऊन नाई वाळत? अल्लीपूरले माही माय दरसाल वाळवे. पाठीतून चिरा, जाडं मीठ भरा, दगडाखाली दाबा अन् दुसऱ्या दिवशी उन्हात टाका. पण शेतातच. गावात वास नाई आला पाह्यजे." आणि बाबांकडे पाहून पुढे म्हणाली, "सप्ताहात खाऊ नाई म्हणतेत. वाळवू नाई असं कोनी म्हणत नाई."

बाबांचा चेहरा असा उजळला, की मला आईचा हेवा वाटला.

दुपारभर आम्ही तिघं चिखलात होतो. भावानं कुठूनसं जाळं आणलं, मी जुन्या लुगड्याची झोळी केली. खवले काढता काढता माझे हात, केस, चष्मा, सगळं चंदेरी झालं. चिरलेले मासे मोठाल्या टबांत रचले. बाबांनी थर लावून मीठ भरलं, वरून हळद टाकली आणि अंघोळ करून गावात गेले, कारण त्या दिवशी वीणेच्या पहाऱ्यावर आमच्या घराची पाळी होती.

भाऊ जनावरांना पाणी पाजून आला. त्याला वरची हळद तेवढी दिसली. बाबा घाईत मीठ विसरले असं समजून त्यानं मीठ भरलं आणि दगड ठेवले. मग तो मंडपाच्या खुर्च्या आणायला गेला. दिवस मावळायच्या आत मी दगड उचलून पाहिले, तर माशांना पाणी सुटलेलं आणि मिठाचा एक खडा दिसेना. मला वाटलं, पुरुषांच्या हातचं काम, अर्धवटच असणार. उरलेलं सगळं पोतं मी टबांत रिकामं केलं.

एखादा तुकडा तळून पाहिला असता, निदान त्या पाण्याचं बोट जिभेला लावलं असतं, तर कळलं असतं. पण सप्ताह होता ना! माशाचं बोट जिभेला लावायची आमच्यापैकी कुणाची हिंमत नव्हती. मी एरवी देवाधर्मात फारशी नसते, पण त्या सात दिवसांत मीही नसते धजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी मिठाचं पोतं उचललं, तर ते रिकामंच हातात आलं. "मीठ कुठं गेलं?" आम्ही दोघं एकदमच म्हणालो, "मी टाकलं न!"

बाबा बांधावर बसले. "साऱ्या गावाले मीठ खाऊ घालतो आता मी," ते म्हणाले. "तुमचे मोठेबाबा मेल्यावरबी सोडणार नाई मले." मला हसू आवरेना आणि त्यांच्याकडे पाहून रडूही येत होतं. आईला यातलं काहीही सांगायचं नाही, असं तिथंच ठरलं. आई एकदा बोलायला लागली की कुरडया वाळेपर्यंत थांबत नाही.

तरी वाळवणं भाग होतं. कपाशीच्या पऱ्हाट्यांचा मांडव करून त्यावर हिरवी जाळी टाकली, जाळीवर मासे पसरले आणि वरून माझी रुखवतातली मच्छरदाणी. आमच्याकडचं मे महिन्यातलं ऊन काही कमी नसतं. तिसऱ्या दिवसापर्यंत कडेचे बारके मासे लाकडासारखे खडखडीत झाले. माशांच्या अंगावर मिठाची पांढरी साय धरली होती. ती पाहिली की बाबा दुसरीकडे पाहायचे.

त्या दिवशी आई आमचा डबा घेऊन शेतात आली. नाकाला पदर लावून मांडवापासून चांगली लांब उभी राहिली आणि कडेच्या एका माशाकडे बोट दाखवून मला म्हणाली, "तो वाळला, पाह्य. डब्यात घालून झाकण लाव, अन् माह्या थैलीत ठेव."

"कोनासाठी वं आई?"

"ठेव म्हटलं न."

मला वाटलं, माझ्यासोबत वर्ध्याला द्यायचा असेल. मी ठेवला.

ती गेली आणि घटकाभरात वावधन उठलं. धूळ, पाचोळा, आणि मागून अवकाळी पाऊस. ताडपत्री असती तर निभलं असतं, पण आमची ताडपत्री सप्ताहाच्या मंडपावर होती, बाबांनीच कौतुकानं दिलेली. मच्छरदाणी उडून शेजारच्या बाभळीवर जाऊन बसली. मासे चिंब भिजले. आणि वारा सगळा गावाकडे! महाराज कीर्तनात रंगले होते म्हणे, तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या बायांनी एकदम पदर नाकाला लावले, आणि मागच्या रांगेतल्या पुरुषांनी लांब श्वास घेतले.

सकाळी मोठेबाबा शेतात हजर. "काऊन गा, हरिनाम चालू असताना मासे शिजवून राह्यला?"

बाबांनी हात जोडले. "शिजवून नाई राह्यलो भाऊ. वाळवून राह्यलो. तुमच्याचसाठी."

मोठेबाबा मांडवाभोवती एक फेरी मारून आले. मग बाभळीवरची मच्छरदाणी त्यांनीच काठीनं काढून दिली.

ऊन पुन्हा पडलं, मासे पुन्हा वाळले. काला झाला शुक्रवारी. शनिवार मारुतीचा. म्हणून पंगत रविवारी ठरली. पहाटे भावानं गोठ्यामागं चूल पेटवली, मासे गरम पाण्यात भिजत घातले, आणि एक तुकडा तव्यावर टाकून मला दिला. बाबा पाठ करून उभे होते. मी खाल्ला. मग दुसरा मागून घेतला.

"बाबा, पावसानं मीठ धुऊन नेलं!"

ते वळले, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. चुलीपुढं उभं राहून मोठ्यानं टाळी वाजवली.

कांदा-खोबरं भाजून, कैरी घालून भावानं झणझणीत रस्सा केला. भाकरी घरोघरून आल्या. सप्ताहभर नुसत्या वासावर राहिलेला गाव असा जेवला की वाढणाऱ्यांचे हात भरून आले. मोठेबाबा पहिल्या पंगतीत बसले ते दुसऱ्या पंगतीतही बसूनच होते. शेवटी मिशा पुसत म्हणाले, "खानावळ चांगली हाये गा तुही. आता बगळ्याइले येऊ नोको देऊ." बाबा पाणी वाढत होते. तांब्यातलं पाणी ग्लासाबाहेर चाललं तरी त्यांना कळलं नाही.

सगळे गेल्यावर पातेलं पाहिलं, तर तळाला नुसता मसाला. बाबा म्हणाले, "असू दे. मले भूक नाई." वर्षभर ढेप खाऊ घालणाऱ्या माणसाला एक तुकडा उरला नव्हता.

तेवढ्यात आतून वास आला. आईच्या स्वयंपाकघरातून. मी धावले, तर गॅसवर तिचा पोळीचा तवा, आणि तव्यावर तो डब्यातला मासा. ती तोंड बाजूला करून उलथन्यानं परतत होती.

बाबा उंबऱ्याशी येऊन थांबले. "अवं, हे काय करून राह्यली? गळ्यात माळ हाये न तुह्या."

"माह्या गळ्यात हाये. तुमच्या नाई. अंदर या अन् जेवा. उद्या पुसून घेईन मी सारं."

बाबा आत आले. आईनं ताट वाढलं, आणि मी बोलायला तोंड उघडलं तसंच मिटलं. हा मासा पावसाच्या आधीच डब्यात गेला होता. त्याला पाऊस लागला नव्हता, आणि मीठ तीनदा पडल्याचं आईला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तिनं तो भिजवलाही नव्हता. तिघांचं मीठ त्यात जसंच्या तसं होतं.

बाबांनी पहिला घास घेतला. डोळ्यांत पाणी आलं. क्षणभर थांबले, आणि मग सावकाश, काटे वेचत, अख्खा मासा संपवला.

आई त्यांच्याकडेच पाहत होती. "कसा झाला? मले चव पाहाता नाई आली."

"एकदम बरोबर," बाबा म्हणाले.

त्या दुपारी ते माठापाशीच बसून होते. आईनं विचारलं, एवढं पाणी काऊन पिता? ते म्हणाले, "ऊन लई हाये न."