अंबाडीची बरणी

एकोणीसशे अठ्ठावीसच्या सुमारास लग्न होऊन मी सोलापुरात शुक्रवार पेठेत आले. शेजारी साड्या विणणारं तेलुगू कुटुंब होतं. त्यातली अक्का दिवसभर रहाटावर सुताच्या कांड्या भरायची. तिच्या बोटांचे सांधे सुजून लाल व्हायचे. वैद्यांनी आंबट बंद केलं होतं. मग ती सकाळी भिजवलेल्या मेथ्या चावायची, भाकरीबरोबर नुसतं आलं-लसूण खायची आणि दर घासाला "औषध हाय, औषध," असं स्वतःलाच बजावायची.

एकदा तिची आई वारल्याचं कळलं. आठवड्यानं भावाकडून बरणी आली. आईनंच घातलेली अंबाडीची आंबट चटणी होती. अक्कानं झाकण काढून वास घेतला आणि बरणी माझ्यापुढं सरकवली.

"तुम्ही एक बोट तरी चाटा की," मी म्हणाले.

"एकावर थांबंन व्हय मी? उद्या हात चालाया पायजेत. तू खा."

मी खाल्ली.

"मीठ कसं हाय? शेवटी तिचा हात लई कापायचा म्हनं."

चटणी खारट झाली होती.

"अगदी बरोबर आहे, अक्का."

अक्कानं बरणीला फडकं बांधलं आणि ती पोटाशी धरून कितीतरी वेळ बसून राहिली.