सातव्या शून्यापर्यंत

माझं अक्षर किरटं आहे आणि शुद्धलेखन चुकणारच, त्याबद्दल आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंत झाली. ही वही कोणी वाचावी म्हणून लिहीत नाही, पण वाचलीच तर हसू नये.

मेलबर्नला मुलाकडे येऊन पाच महिने झाले होते. मुलगा आणि सून कामाला गेली की घरात मी एकटी. बाहेर पडले तर रस्ता कोणाला विचारणार, म्हणून फाटकापर्यंतच जायची. दर रविवारी धाकट्या बहिणीचा फोन यायचा. मुलगा इथे युनीला, म्हणजे विद्यापीठात शिकायला, आला तेव्हा तिने बांगड्या मोडून त्याची फी भरली होती. आता तिला गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलं होतं.

"बोललीस का त्याच्याशी?"

"बोलते गं."

पण तो घराच्या हप्त्यांचं काढायचा आणि मी भांडी घासायला उठायची.

एका शनिवारी त्याने मला बेसबॉल बघायला नेलं. त्याच्या ऑफिसातला एक मित्र उन्हाळ्यात तिथल्या व्यावसायिक संघात चेंडू फेकतो. सुनेची शिफ्ट होती, म्हणून तिचं तिकीट मला मिळालं. आमची जागा रांगेच्या अगदी मधे, दोन्हीकडे दांडगी माणसं.

खेळ एवढाच कळला की मित्र फेकतो आणि समोरचा दांडक्याने मारायला बघतो. एरवी असे नऊ डाव असतात म्हणे, पण त्या दिवशी लागोपाठ दोन सामने होते म्हणून सातच. फळ्यावर समोरच्या संघापुढे शून्यं पडत होती. आपल्याकडे एकच धाव होती.

दुसऱ्या डावात मी बाथरूमला जायला उठले आणि नेमका तेव्हाच चेंडू लांब उडाला. एकाने तो कुंपणाशी कसाबसा झेलला. मुलाने माझा पदर ओढला.

"आई, बस! तू उठलीस म्हणून गेला तो."

"अरे, मला जायचंय."

"आता शेवटपर्यंत हलायचं नाही."

लहानपणी क्रिकेट चालू असलं की वडिलांना असाच दारात उभं करून ठेवायचा.

तिसरं शून्य, चौथं, पाचवं. मी गुडघे आवळून बसले. फेकणारा दमला की दुसरा आणतात म्हणे, पण याला कोणी बदलेना. त्याच्या शर्टाची पाठ भिजून चिकटली होती. त्याचीही सुटका नव्हती.

सहाव्या शून्यानंतर मात्र मी उभी राहिले.

"आई, प्लीज! एकच डाव राहिलाय."

कसं कोण जाणे, तोंडून निघून गेलं, "बसते. पण मावशीचे पैसे पाठव."

"आत्ता?"

"फोन हातातच आहे तुझ्या."

"ब्लॅकमेल करतेस काय गं?"

"जाऊ का मग?"

शेजारचा माणूस मला वाट द्यायला पाय आखडून घेत होता. मुलगा त्याला "नो वरीज, मेट" म्हणाला आणि मान खाली घालून फोनवर बोटं चालवू लागला.

"अर्धे गेले. बाकीचे पगारावर." मग हळूच म्हणाला, "मावशी मला कधी काही बोलली नाही."

"मला बोलते. दर रविवारी."

मी बसले. सातव्या डावात मित्राने तिघांनाही बाद केलं. शेवटच्याचं दांडकं नुसतंच हवेत फिरलं. टाळ्या वाजवायला सगळे उठले, मी त्यांच्या आधी.

बाकीचे पैसे दोन पगारांत गेले. त्यानंतरच्या रविवारी मी बहिणीचा फोन फाटकापाशी उभी राहून घेतला.

ती म्हणाली, "फिटले गं सगळे."